स्पॅनिशचं निष्कलंक शून्य

कारखान्यात स्पॅनिश बोलणारा माणूस दाखल झाला आणि त्याच आठवड्यात त्याच्याशी बोलायला बंदी घालण्यात आली. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण जे झालं ते सगळं रीतसर झालं, आणि रीतसर झालेल्या गोष्टीला विचित्र म्हणण्याची त्या कारखान्यात पद्धत नव्हती.

कारखाना वजनकाट्यांचा होता. पोती तोलायच्या काट्यांचा नव्हे. प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवतात त्या नाजूक काट्यांचा, ज्यांच्या शेजारी कुणी जोरात श्वास सोडला तरी आकडा बिथरतो. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या माणसांचा स्वभावही हळूहळू काट्यासारखा होतो. दारावर मोठी पाटी होती: ‘तपासल्याशिवाय वापरू नये.’ पाटी लावली होती काट्यांसाठी. पण तसं तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे नव्या खुर्च्या आल्या तेव्हा त्यांची तपासणी पुरी होईपर्यंत सगळे उभ्याने काम करत होते. नवा जिना बांधला तेव्हा, तो तपासायला गेलेला माणूस न तपासलेल्या जिन्यावरून वर गेलाच कसा, यावर चौकशी बसली होती.

याच कारखान्याच्या तपासणी विभागात एक तरुण मुलगी होती. विज्ञानाची पदवी घेतलेली, डोळ्यांनी चौकस, जिभेने जपून. सगळे तिला मिलिग्रॅम म्हणत. साखर किती घालू असं विचारलं की ती आधी चमचा बघायला मागायची, म्हणून.

मिलिग्रॅमची एक घरगुती अडचण होती. तिचा दादा परदेशी गेला होता, तिथल्याच मुलीशी लग्न करून तिथलाच झाला होता. वहिनी स्पॅनिश बोलायची आणि चार वर्षांची भाची नुसतं स्पॅनिशच बोलायची. रविवारी सकाळी फोनवर सगळ्यांचे चेहरे दिसायचे. भाची भराभरा काहीतरी सांगायची आणि शेवटी ‘तीआ’ म्हणून काहीतरी विचारायची. तीआ म्हणजे आत्या, एवढं दादाने सांगून ठेवलं होतं. तीआ हसून मान डोलवायची.

आईचं तसं नव्हतं. ती सरळ मराठीत ओरडायची, "जेवलीस का गं सोनू?" भाची खिदळून काहीतरी उत्तर द्यायची आणि आई म्हणायची, "बघ, जेवली म्हणतेय." मिलिग्रॅमला हे जमायचं नाही. जे बरोबर आहे की चूक हेच ठाऊक नाही, ते तोंडातून काढायचं तरी कसं?

"सुट्टीत येतोय आम्ही," दादा एका रविवारी म्हणाला. "तोवर चार वाक्यं तरी शीक गं. ही सारखी विचारते, तीआ माझ्याशी बोलत का नाही म्हणून. काय सांगू हिला?"

ते मिलिग्रॅमला फार लागलं. आणि नेमक्या त्याच सुमारास कारखान्यात स्पॅनिश चालत आलं.

काट्याचा दांडा ज्यावर तोलला जातो ती पाती घासायचं नवं यंत्र बाहेरून मागवलं होतं. त्याच्यासोबत ते जोडून देणारा फिटर आला. लांब मिशांचा, हसरा माणूस. त्याला स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं, आणि यंत्राच्या पेटीवरच्या सूचनाही स्पॅनिशमध्येच होत्या. त्याने आल्या आल्या सगळ्यांशी हात मिळवले, पेटीवर थाप मारली आणि हातोडी मागितल्याची खूण केली. मिलिग्रॅमने मनात बेत आखला: जेवणाच्या सुट्टीत याच्या शेजारी बसायचं, एकेका वस्तूकडे बोट दाखवायचं, विचारायचं. दादा येईपर्यंत भाचीशी गप्पा मारण्याइतकं नक्की येईल.

पण त्याआधी शून्यसाहेबांनी बैठक बोलावली.

शून्यसाहेब म्हणजे तपासणी विभागाचे प्रमुख. रोज सकाळी प्रत्येक काटा रिकामा असताना शून्य दाखवतो की नाही, हे ते स्वतः बघत. त्यांच्या मते जगात शून्याइतकं चारित्र्यवान काही नव्हतं.

"पाहुण्यांशी बोलायला हवं, म्हणजे स्पॅनिश शिकायला हवं," शून्यसाहेब म्हणाले. "पण कशाने शिकायचं? पद्धती पुष्कळ आहेत. त्यांपैकी परिणामकारक कोणत्या, हे तपासलंय का कुणी?"

"साहेब, त्या माणसाशीच बोलत बसलं तर?" खरेदी विभागातले काका म्हणाले.

"त्याचं स्पॅनिश तपासलंय?"

"अहो, त्याची मातृभाषा आहे ती!"

"हे तो म्हणतो. आणि तेही स्पॅनिशमध्ये म्हणतो," शून्यसाहेब म्हणाले.

तिथल्या तिथे ‘स्पॅनिश संभाषण परिणामकारकता समिती’ स्थापन झाली. निरनिराळे गट करायचे, प्रत्येक गटाने एकेका पद्धतीने शिकायचं, शेवटी पाहुण्यांसमोर तोंडी चाचणी घ्यायची आणि विजयी पद्धत प्रमाणित करायची, असं ठरलं. निकाल लागेपर्यंत पाहुण्यांशी कुणी बोलायचं नाही. कारण पद्धतीने आलेलं स्पॅनिश कोणतं आणि पाहुण्यांकडून अंगाला लागलेलं कोणतं, हे मग वेगळं कसं काढणार?

बैठक संपत आली होती. सगळे उठायच्या बेतात होते. आणि तेवढ्यात मिलिग्रॅमच्या तोंडून तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत महागडं वाक्य निघून गेलं.

"साहेब, नियंत्रण गट कोणता?"

"म्हणजे काय गं?" हिशेब विभागातल्या बाईंनी विचारलं.

"म्हणजे, काहीही न शिकणारा गट. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय बाकीच्यांना आलं ते पद्धतीमुळे आलं, हे कशावरून ठरवायचं?"

शून्यसाहेबांचे डोळे पाणावले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्यामागे या विभागात शून्याची कदर करणारं कुणी उरणार नाही. "पोरी," ते म्हणाले, "या गटात फार खात्रीचं माणूस हवं. बाकीचे चोरून शिकतील. तू नाही शिकणार."

"पण साहेब, मला शिकायचं होतं. माझी भाची..."

"सूचना कुणाची?"

"माझी."

"बरोबर आहे की चूक?"

मिलिग्रॅमने प्रामाणिकपणे विचार केला. तोच तर तिचा रोग होता. "बरोबर आहे," ती म्हणाली.

मग गट कामाला लागले. पहिल्या गटाला मोबाइलवरचा एक खेळ मिळाला. त्यात चित्र आणि वाक्य जुळवलं की एक कोंबडा टाळ्या वाजवायचा. कोंबड्याला पंख असताना तो टाळ्या कशा वाजवतो, याची शहानिशा करण्यात त्यांचे पहिले काही दिवस गेले. पुढे मात्र त्यांनी वेग घेतला, आणि ‘माझ्या काकांची छत्री पिवळी आहे’ हे वाक्य ते झोपेतून उठवलं तरी म्हणू लागले.

दुसऱ्या गटाने स्पॅनिश मालिका बघायच्या होत्या. हिशेब विभागातल्या बाई त्या गटात होत्या. त्या जेवायच्या सुट्टीनंतर रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परत यायच्या. "काय झालं हो?" असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "काय झालं ते कळलं असतं तर इतकी रडले असते का?"

तिसऱ्या गटाने प्रत्येक वस्तूवर तिच्या स्पॅनिश नावाची चिठ्ठी चिकटवली. दारावर, खुर्चीवर, कपबशीवर, पंख्यावर. एका उत्साही सभासदाने प्रमाण वजनांवरही चिठ्ठ्या डकवल्या, आणि मग त्या आठवड्यात बाहेर गेलेला प्रत्येक काटा बरोबर एका चिठ्ठीच्या वजनाने खोटा निघाला. यावर उपाय म्हणून शून्यसाहेबांनी चिठ्ठ्या काढल्या नाहीत. चिठ्ठ्यांचं वजन प्रमाणित केलं.

चौथा गट झोपेत कानाला ध्वनिफिती लावून शिकणारा होता. या गटात जायला जी झुंबड उडाली, तिला तोड नव्हती. कामाच्या वेळेत झोपणं या कारखान्यात आधीही होत असे, पण त्याला आता विज्ञानाचा पाठिंबा मिळाला. खरेदीचे काका या गटाचे प्रमुख झाले. ते दुपारी डुलकी काढायला जाताना "अभ्यासाला बसतो" असं म्हणत.

आणि पाचव्या गटात मिलिग्रॅम एकटी होती. शिकणाऱ्याला काही करायचं असतं. न शिकणाऱ्याला सगळंच टाळायचं असतं. ती दिसली की दुसऱ्या गटाने आवाज बंद करायचा. तिच्या वाटेवरच्या चिठ्ठ्या उलट्या करून ठेवायच्या. जेवताना तिने भिंतीकडे तोंड करून बसायचं. एके दिवशी शून्यसाहेबांनी सहज विचारलं, "घरी स्पॅनिशशी काही संबंध येत नाही ना?"

दुसरी कुणी असती तर "छे, छे" म्हणून मोकळी झाली असती.

"येतो," मिलिग्रॅम म्हणाली. "रविवारी. भाची बोलते."

शून्यसाहेब खुर्चीत बसले. खुर्ची तपासलेली होती म्हणून बरं. "कानात कापूस घाल," ते काकुळतीने म्हणाले. "आणि तोंड उघडू नकोस. चाचणी होईपर्यंत फक्त. एवढं कर माझ्यासाठी."

त्या रविवारी मिलिग्रॅम कानात कापूस घालून फोनसमोर बसली. भाचीने काहीतरी विचारलं. तीआने हात हलवला. भाचीने पुन्हा विचारलं. तीआने दोन्ही हात हलवले. मग भाचीचा चेहरा गंभीर झाला. ती दादाच्या कानाशी लागली. दादा काहीतरी बोलला, त्यावर आई वळली आणि मिलिग्रॅमच्या कानातला कापूस ओढून काढत म्हणाली, "ऐकलंस? पोर विचारतेय, तीआ मुकी आहे का?"

"आई, कापूस! प्रयोग बिघडेल!"

"तुझा प्रयोग गेला चुलीत! अगं, साडेचार शब्द बोलली असतीस तर काय काटा मोडला असता तुझा?"

"साडेचार शब्द कसे होतील?" मिलिग्रॅम म्हणाली आणि तिने कापूस परत घातला.

पुढच्या रविवारपासून भाची तिच्याशी खुणांनी बोलू लागली. बाहुली दाखवायची, मग आपल्या छातीवर हात ठेवायची: ही माझी. चित्र दाखवायची, मग बोट तीआकडे करायची: हे तू. चित्रातल्या तीआला तोंड काढलेलं नव्हतं. मिलिग्रॅमने स्वतःच्या ओठांवरून बोट फिरवलं. ते जागेवर आहेत की नाही, हे तपासावं तसं.

इकडे फिटर आपल्या न उघडलेल्या पेटीवर बसून होता. हातोडी देण्यासाठी त्याच्याशी बोलावं लागलं असतं, म्हणून हातोडी मिळाली नव्हती. पेटी समितीच्या खोलीबाहेर ठेवलेली होती आणि समितीच्या बैठका रोज होत होत्या, दार उघडं टाकून, तारस्वरात. त्याच्याशी बोलायला मनाई होती. त्याने ऐकायला मनाई करावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चाचणी दादा यायच्याच दिवशी ठेवली गेली. मिलिग्रॅमने हिशेब मांडला. चाचणी दुपारी, विमान संध्याकाळी. मधला वेळ तिचा. तेवढ्यात फिटरकडून काहीतरी शिकता येईल.

चाचणीला सगळा कारखाना जमला. फिटरला मधोमध खुर्ची दिली. पहिल्या गटाला त्याने हसून काहीतरी विचारलं. गट एका सुरात म्हणाला की त्यांच्या काकांची छत्री पिवळी आहे. फिटरने आणखी काहीतरी विचारलं. छत्री पिवळीच होती. दुसऱ्या गटातर्फे हिशेबाच्या बाई पुढे आल्या, त्यांनी फिटरच्या डोळ्यांत खोल पाहिलं, अस्खलित स्पॅनिशमध्ये एक वाक्य फेकलं आणि त्याच्या कानशिलात दिली. फिटर त्यांना कुठे सोडून गेला होता आणि का, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नाही. तिसऱ्या गटाने फिटरला उठवून दाराकडे, पंख्याकडे, कपबशीकडे फिरवलं आणि चिठ्ठ्या वाचल्या, पण त्याने "तुम्ही कसे आहात?" अशा अर्थाचं काहीतरी विचारल्यावर ते ‘बरं’ कशावर चिकटवलंय ते शोधत राहिले. चौथ्या गटाचं विज्ञान सगळ्यांत खरं ठरलं. फिटरने तोंड उघडून दोन स्पॅनिश शब्द उच्चारले, आणि इतके दिवस स्पॅनिश ऐकत झोपायची सवय लागलेले काका आणि त्यांचा अख्खा गट बसल्या जागी घोरू लागला.

मग मिलिग्रॅम उठली. फिटरने तिला हळू आवाजात काहीतरी विचारलं. भाचीच्या प्रश्नासारखं शेवटी ‘तीआ’ही नव्हतं. ती गप्प राहिली. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं.

"अप्रतिम!" शून्यसाहेब ओरडले. "बघा! इतक्या स्पॅनिशमध्ये राहून एक शब्द नाही! असं निष्कलंक शून्य मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही!" टाळ्या पडल्या. झोपलेला गट दचकून जागा झाला आणि त्यांनीही वाजवल्या.

"साहेब, आता मी मोकळी ना?" मिलिग्रॅमने विचारलं. "आज माझी भाची येतेय."

शून्यसाहेबांनी तिच्याकडे कपाटातल्या प्रमाण वजनाकडे बघतात तसं पाहिलं. "मोकळी? अगं, तू आता संदर्भ शून्य आहेस. पुढच्या सगळ्या चाचण्या तुझ्याशी ताडून बघायच्या. तुला यापुढे स्पॅनिश येऊन कसं चालेल?"

"यापुढे म्हणजे कधीपर्यंत?"

"आपण प्रमाण वजन बदलतो का कधी?"

मिलिग्रॅम बाहेर आली आणि पेटीच्या कडेला बसली. शेजारी फिटर लाल गाल चोळत येऊन बसला. तिने उठायला हवं होतं. ती उठली नाही.

"ताईसाहेब," फिटर म्हणाला, "आपल्या अश्रूंबाबत सदर व्यक्तीस चिंता वाटत आहे."

मिलिग्रॅम उडालीच. "तुम्हाला मराठी येतं?"

"अंशतः. माझे जेवण दुपारपासून प्रलंबित आहे. माझी हातोडी विचाराधीन आहे. त्या बाईंनी मला मारले, त्याचा खुलासा व्हावा, ही नम्र विनंती."

ती रडता रडता हसायला लागली. फिटरला त्यात काही वाईट वाटलं नाही. उलट तो खूश झाला. "लोक हसतात," तो म्हणाला, "तेव्हा मला समजते, येथे चूक. मग दुसरे बोलतो. पुन्हा हसतात. पुन्हा दुसरे बोलतो."

"पण हे शिकलात कुठल्या पद्धतीने?"

फिटरने दाराकडे, आतल्या गोंगाटाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंजुरी न घेता."

मिलिग्रॅमने इकडेतिकडे पाहिलं. मग तिने त्याला भाचीची गोष्ट सांगितली, चित्रातल्या तोंड नसलेल्या तीआसकट, आणि विचारलं, "मला एक वाक्य शिकवाल? एकच. ‘मी मुकी नाही, मी घाबरट आहे.’"

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा भाची आपल्या बापाच्या पायामागे उभी होती. तिने तीआला पाहिलं आणि लगेच खुणा सुरू केल्या: ही मी, ही बाहुली, हे तू. वाक्य वाटेत दहा वेळा घोकलेलं होतं, पण ते बरोबर उतरेल याची काहीच खात्री नव्हती. मिलिग्रॅमने डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

वहिनीने तोंडावर हात ठेवला. दादाने भिंतीचा आधार घेतला. भाची आ वासून बघत राहिली आणि मग अशी हसत सुटली की जमिनीवर बसली.

"काय म्हणाले मी?" मिलिग्रॅमने विचारलं.

"तू म्हणालीस," दादा डोळे पुसत म्हणाला, "मी मुकी नाही, मी कोंबडी आहे."

भाची उठली, तिने तीआचे दोन्ही गाल हातात धरले, आणि वर्गात बाई सांगतात तसं एकेक अक्षर तोडून बरोबर वाक्य सांगितलं. तीआने चुकीचं म्हटलं. भाचीने पुन्हा सांगितलं. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काय म्हणतेय गं ती?"

"आई, ती म्हणतेय मी फार वाईट बोलते!" मिलिग्रॅम ओरडली. इतका आनंद तिच्या आवाजात पूर्वी कुणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून शून्यसाहेबांसमोर उभी राहिली आणि आपण दूषित झाल्याचं तिने कबूल केलं. "किती येतं आता?" साहेबांनी विचारलं.

"एक वाक्य. तेही चुकीचं."

"म्हणजे शून्याच्याही खाली," साहेब खचून म्हणाले, आणि संपूर्ण प्रयोग रद्द करण्यात आला. फिटरच्या पद्धतीचा विचार झाला नाही. हसणं मोजायचा काटा कारखान्यात नव्हता.

प्रयोग आता नव्याने सुरू व्हायचा आहे. पेटी अजून उघडायची आहे. गट तेच आहेत. अडलंय ते फक्त नव्या शून्यापाशी. शून्यसाहेबांना या खेपेस माणूस बाहेरचा हवा आहे आणि त्यांच्या अटी अगदी साध्या आहेत. स्पॅनिश बोलायला शिकण्याच्या पद्धतींविषयी त्याला मनापासून कुतूहल असावं. त्याने त्या सगळ्यांची हकीकत, एकही न गाळता, शेवटपर्यंत वाचावी. आणि वाचत असताना त्याच्या तोंडून स्पॅनिशचा एकही शब्द मोठ्याने निघालेला नसावा.

असा माणूस मिळणं कठीण आहे, असं समितीतल्या सगळ्यांचं मत होतं. शून्यसाहेब मात्र निश्चिंत आहेत. त्यांनी एक हेरून ठेवलाय. तो या घडीला अगदी गप्प बसून हे वाचतो आहे.